अभंग क्रमांक दिलात, प्रत कुठली?

पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी ऑगस्टात 'ग्रंथालय परिचय' नावाचा जो तास असतो तो बंद करावा, असं माझं मत आहे आणि आमच्या प्राचार्यांना ते पाठ झालंय. सभागृहात दीड-दोनशे मुलं कोंबलेली, माइक खरखरतोय, मागच्या पडद्यावर नियम: एका वेळी दोन पुस्तकं, मुदत सात दिवस, नंतर दंड, आय-कार्डशिवाय पुस्तक मिळणार नाही. मुलं शांत बसतात, कारण बाहेर पाऊस असतो. दोन फोटो निघतात, हजेरीपत्रकावर सह्या होतात आणि कागद नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाइलमध्ये चौथ्या निकषाखाली लागतात. त्या तासातून लायब्ररी वापरायला शिकलेला एकही मुलगा मला आजवर भेटलेला नाही.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमची जमात शिक्षक की शिक्षकेतर, हा वाद कागदोपत्री वर्षानुवर्षं चालू आहे. वेतनश्रेणी एका बाजूची, सुट्ट्या दुसऱ्या बाजूच्या. शिकवायचं काम मात्र दरवर्षी वाढतंय. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना प्रकल्प आले. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये 'संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता' हा दोन श्रेयांकांचा विषय यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सक्तीचा केला. डेटाबेस, ओपन ॲक्सेस, इम्पॅक्ट फॅक्टर असं काही आलं की विभागप्रमुख म्हणतात, "मॅडम, तेवढं तुम्ही घ्या." घेते. मला आवडतं.

माझी पद्धत साधी आहे. पंधरा-वीस जणांचा गट, सभागृहात नाही, संदर्भ विभागातल्या लांब टेबलाशी. प्रत्येकाने एक वाक्य आणायचं. कुठेतरी वाचलेलं आणि खरं वाटलेलं. मग ते वाक्य कुठून आलं ते शोधत मागे मागे जायचं. ओपॅक (संगणकावरचा कॅटलॉग), वर्गांक (पुस्तकाच्या कण्यावरचा विषयाचा आकडा), कोश, सूची हे सगळं त्या शोधात आपसूक येतं, वेगळं शिकवावं लागत नाही.

दरवर्षी जानेवारीत असं एक वाक्य आयतं हाती येतं. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघाला, म्हणून आपण तो दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. इथपर्यंत सगळं ठीक. पण त्याच दिवशीच्या शुभेच्छांमध्ये आणि बातम्यांमध्ये 'दर्पणकारांची जयंती' असंही येतं. मुलांना म्हणते, जन्मतारीख शोधून द्या. पाच मिनिटांत मोबाइलवाला गट ओरडतो, 6 जानेवारी 1812! दुसऱ्या गटाच्या हाती सरकारी कार्यालयांत साजऱ्या करायच्या जयंत्यांची यादी लागलेली असते. तिथे 20 फेब्रुवारी. तिसरा गट कोशाचा जाडजूड खंड घेऊन बसलेला, त्यांना नुसतं वर्ष मिळतं, तारीखच नाही. मग भांडण. "मॅडम, बरोबर कुठलं?"

इथे मी उत्तर देत नाही. उलट विचारते, या तिघांना कुणी सांगितलं? मोबाइलवरचं पान एका वर्तमानपत्राकडे बोट दाखवतं आणि ते वर्तमानपत्र कुणाकडेच बोट दाखवत नाही. सरकारी यादी हा आदेश आहे. जयंती कधी साजरी करा ते सांगतो, तारीख कशी ठरली ते सांगत नाही. कोशकार तारीख न देता पुढे गेला, त्यालाही काही कारण असेल. मुलांना हा शेवटचा मुद्दा पटायला वेळ लागतो. ज्याने कमी सांगितलं तो कदाचित जास्त काळजीपूर्वक लिहीत होता, हे शाळेत कुणी शिकवत नाही. तिथे रिकामी जागा सोडली की मार्क जातात.

मग आम्ही जांभेकरांच्या गावाला, पोंभुर्ल्याला जातो, म्हणजे नकाशावर. 1812 सालच्या कोकणातल्या खेड्यात जन्माचा दाखला कोण देणार? असलीच तर घरातली पत्रिका, वहीतली एखादी नोंद, नाहीतर नातलगांची आठवण. आणि नोंद असली तरी ती शकात आणि तिथीत. तिचं इंग्रजी तारखेत रूपांतर पुढे कुणीतरी केलेलं असणार. इथे मी फळ्यावर ज्ञानेश्वरीचं साल लिहिते: शके 1212, त्यात 78 मिळवा, इसवी सन 1290. सोपं आहे. आता 1812 च्या जानेवारी-फेब्रुवारीत कुठला शक चालू होता? 1733. त्यात 78 मिळवा. कॅल्क्युलेटरवर 1811 येतं आणि टेबलाभोवती गडबड उडते. शकाचं वर्ष चैत्रात बदलतं, इंग्रजी वर्ष पौषाच्या आसपास. मधल्या महिन्यांना 79 मिळवावे लागतात. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून साल काढताना एका वर्षाचा घोळ का होतो, हे या एका बेरजेतून कळतं.

माझा आपला अंदाज असा की 'दर्पण'ची तारीख माणसाला चिकटली असावी. तो अंदाज आहे असं मी मुलांना स्पष्ट सांगते. ती प्रकल्पात काय लिहितात? 'जन्मतारखेबाबत एकवाक्यता नाही', पुढे दोन्ही तारखा आणि कुठली तारीख कुठे मिळाली ते. प्रकल्प तपासणाऱ्या एका सरांनी त्यावर लाल शाईने 'निश्चित उत्तर द्या' असा शेरा मारला होता. त्या सरांशी मी चहावर बराच वेळ बोलले. ते अजूनही सहमत नाहीत.

रंगनाथन आमचे आराध्य. 12 ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घालतो. 1924 मध्ये गणिताची प्राध्यापकी सोडून ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, सुरुवातीला इतके कंटाळले की परत वर्गात जायला निघाले होते. मग लंडनला जाऊन आले आणि 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. या नियमाशी माझी थोडी खटपट आहे. काउंटरवर तो शंभर टक्के बरोबर आहे. पुस्तक शोधायला अर्धा तास लागत असेल तर दोष माझा. पण वर्गात वाचकाचा वेळ वाचवला की त्याचं शिकणंही वाचतं. जांभेकरांची तारीख मी पहिल्या मिनिटाला सांगून टाकली असती तर 79 चं गणित कुणालाच कळलं नसतं. रंगनाथन स्वतः गणिताचे मास्तर होते, त्यांना हे नक्की मान्य झालं असतं असं मी सोयीस्करपणे मानते.

आता आमच्या वाचनकक्षाबद्दल. सकाळी सातला कुलूप उघडायच्या आधी बाहेर रांग असते. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरतीची मुलं. स्वतःची पुस्तकं, स्वतःच्या पाण्याच्या बाटल्या, उशीसुद्धा. त्यांना आमच्याकडून हवं असतं पंखा, प्लग पॉइंट आणि शांतता. ते मिळायलाच हवं, घरी एका खोलीत सहा माणसं असताना पोराने जायचं कुठे? माझी तक्रार एवढीच की दारातल्या रजिस्टरवरचा आकडा दाखवून 'ग्रंथालयाचा दैनंदिन वापर वाढला' असं आपण लिहितो, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी त्याच मुलांचे फोटो काढतो, आणि देवघेवीचं रजिस्टर मात्र त्या दिवशी कुणी उघडत नाही. ते उघडलं तर कादंबऱ्यांची कपाटं तीन-चार शिक्षिका आणि एक निवृत्त वायरमन काका चालवतात असं दिसेल.

असो. मला खरं लिहायचंय ते मराठीत संशोधन करणाऱ्या मुलांबद्दल. त्यांना जी साधनं आपण देतो ती मराठी वाचू शकत नाहीत, आणि हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

सुरुवात कॅटलॉगपासून करू. इतिहासाच्या एका विद्यार्थिनीला इतिहासकार वि. का. राजवाड्यांचे खंड हवे होते. 1898 पासून निघालेले बावीस खंड, आमच्याकडे त्यातले काही आहेत. तिने ओपॅकवर 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' असं टाइप केलं. शून्य नोंदी. ती परत गेली असती, मी अडवलं. आम्ही दोघी स्क्रीनसमोर बसलो. मुखपृष्ठावर आहे 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें', कारण 1962 चे शुद्धलेखनाचे नियम यायच्या आधी हे अनुस्वार लिहीत. कुणा प्रामाणिक कर्मचाऱ्याने मुखपृष्ठाबरहुकूम अनुस्वार भरले होते. दुसऱ्या कुणी दुसरा खंड भरताना पाय न मोडता 'मराठयांच्या' असं टाइप केलं होतं. तिसऱ्या खंडाची नोंद रोमन लिपीत होती. एकाच ग्रंथाचे खंड, एकाच कपाटात शेजारी शेजारी, आणि संगणकाच्या लेखी त्यांची एकमेकांशी ओळखही नाही.

हे एकदा दिसायला लागलं की सगळीकडे दिसतं. कोश आणि कोष. 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक अख्खं अक्षर म्हणून, एक 'अ' वर चंद्र देऊन, डोळ्याला सारखा, मशीनला वेगळा. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र तसाच. रोमन लिपीत तर ज्ञानेश्वरी डी-एन-वाय ने सुरू होते, जी-वाय ने सुरू होते आणि अमेरिकन ग्रंथालयांच्या पद्धतीने जे-एन ने. आम्ही गेल्या काही वर्षांत जमेल तसं एक करतोय: मूळ नोंद मुखपृष्ठाप्रमाणे ठेवायची आणि शेजारच्या रकान्यात आजच्या शुद्धलेखनातलं नाव भरायचं. मुखपृष्ठ बदलायचा अधिकार मला नाही. पण शोधणाऱ्याला 1962 च्या आधीचं व्याकरण आलंच पाहिजे असंही मला म्हणता येणार नाही. हे काम कंटाळवाणं आहे, त्याला कुठल्याही निकषात गुण नाहीत, आणि माझ्या मते आमच्या लायब्ररीत सध्या चाललेलं सगळ्यात महत्त्वाचं काम तेच आहे.

वर्गीकरणाचंही एक सांगते, जाता जाता. ड्यूई दशांश पद्धतीत इंग्रजी साहित्याला 820 चं अख्खं दशक दिलंय. मराठी साहित्य 891.46 मध्ये. कविता 891.461, कादंबरी 891.463. पुस्तकाच्या बारक्या कण्यावर एवढा आकडा लिहिताना लेबल संपतं. मुलांना हे सांगितलं की हसतात आणि मग एखादा विचारतो, पद्धत कुणी केली? अमेरिकेतल्या एका ग्रंथपालाने, 1876 मध्ये. मग त्याच्या घराजवळची पुस्तकं त्याला मोठी दिसली, एवढंच. तेव्हापासून ती मुलं कुठल्याही यादीकडे थोड्या संशयाने बघतात, हे मला फार आवडतं.

पीएच.डी.च्या वर्गात मामला गंभीर होतो, कारण तिथे टक्केवारी येते. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधाचं इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर माफ. 10 ते 40 मध्ये प्रबंध सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. 40 ते 60 असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरत नाहीत. नियम म्हणून वाईट नाहीत. पण मराठी प्रबंध सॉफ्टवेअरला घातला की अहवाल येतो 2 टक्के, 1 टक्का, आणि मार्गदर्शक पेढे वाटायच्या बेतात असतात.

एक टक्का का येतो? तुलना करायला सॉफ्टवेअरकडे मराठी मजकूर आहेच किती? आपली बहुतेक पुस्तकं नेटवर नाहीत. जी आहेत त्यातली बरीच स्कॅन, म्हणजे पानांचे फोटो. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, अभिमान वाटावा असं काम आहे. पण त्यातला एखादा जुना मराठी प्रबंध उघडा आणि त्यातलं एक वाक्य कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. पडद्यावर 'महाराष्ट्र' दिसतं, चिकटवल्यावर रोमन अक्षरं आणि टिंबांचा कचरा उतरतो. युनिकोड, म्हणजे संगणकातली सगळ्या लिप्यांची सामायिक पद्धत, यायच्या आधीचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवून चालायचे. माणसाला मराठी दिसतं, यंत्राला तो कचराच दिसतो. अशा प्रबंधातून अख्खं प्रकरण उचललं आणि नव्याने टाइप केलं तर कुठलंही सॉफ्टवेअर काही बोलणार नाही.

उलट एका मुलाने संतसाहित्यावर काम केलं होतं, अभंग जसेच्या तसे दिले, प्रत्येकाखाली संदर्भ. फक्त कवितेसारखे मधोमध मांडले म्हणून अवतरणचिन्हं घातली नाहीत. अभंग नेटवर शंभर ठिकाणी आहेत. त्याचा अहवाल आला 18 टक्के. बिचारा रडकुंडीला आलेला. अवतरणं वगळून अहवाल पुन्हा काढून घ्यायला आम्हाला विद्यापीठाच्या बऱ्याच खिडक्या फिराव्या लागल्या.

मी स्वतः प्रबंध वाचते तेव्हा टक्क्यांकडे बघत नाही, अनुस्वारांकडे बघते. प्रकरण छान आजच्या मराठीत चाललेलं असतं, आणि मध्येच एक परिच्छेद येतो ज्यात 'असें दिसतें कीं' डोकावतं. एखाद्-दुसरा अनुस्वार टाइप करणाऱ्याच्या हातून सुटून राहिलेला असतो. 1940 च्या सुमाराचं पुस्तक उघडं पडतं. अशा वेळी त्या मुलीला वा मुलाला एकट्याला बोलावते आणि विचारते, हे कुठल्या पुस्तकातलं? बहुतेक वेळा चोरी नसतेच. वहीत उतरवून घेतलेलं असतं, पान नंबर लिहायचा राहिलेला असतो, दोन वर्षांनी ते आपलंच वाटायला लागतं. नोंदी कशा घ्यायच्या हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. पाचवीपासून एम.ए.पर्यंत 'उतरवून घ्या' एवढंच ऐकलेलं. उतरवलेलं आणि आपलं यात रेघ कुठे मारायची हे अचानक पीएच.डी.ला नियम म्हणून समोर येतं, शिक्षेच्या तक्त्यासकट.

शीर्षकातला प्रश्न याच वर्गातला. प्रबंधात सर्रास दिसतं: 'तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक'. बस्स. प्रत कुठली? सरकारच्या मदतीने, शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली विष्णु परशुराम शास्त्री पंडितांनी संपादून 1869 ते 1873 मध्ये छापलेली, विष्णुबुवा जोगांची, की देहूची? प्रत बदलली की अभंगांची संख्या बदलते, क्रम बदलतो, पाठ बदलतो. एका प्रतीतला क्रमांक घेऊन दुसरी प्रत उघडली तर भलताच अभंग समोर येतो. बाराखडीच्या अनुक्रमणिकेतून पहिल्या चरणावरून शोधायला शिकवलं की काम सोपं होतं, पण मुळात हा प्रश्न आहे हेच कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. 'गाथा म्हणजे गाथा, मॅडम.'

त्या दिवशी मी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतल्या एका पानाची झेरॉक्स वाटते. वर श्लोकांच्या मोजक्या ओळी, आणि त्याखाली पान भरून बारीक टाइपात पाठभेद: कुठल्या हस्तलिखितात कुठला शब्द. 1919 ला सुरू झालेलं काम 1966 ला पुरं झालं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची पद्धत बसवली आणि ते स्वतः 1943 मध्ये गेले. मुलं ते पान बराच वेळ उलटंसुलटं करून बघतात. एकाने विचारलं होतं, "एवढं सगळं खाली कोण वाचतं?" शंका असलेला माणूस वाचतो, म्हटलं. बाकीच्यांसाठी वरचं आहे.

एआयने आणलेली गंमत वेगळीच. एम.ए.च्या एका विद्यार्थ्याची संदर्भसूची माझ्याकडे आली, पुस्तकं मिळत नाहीत म्हणून. लेखक खरे, प्रकाशक खरा, साल पटण्यासारखं, नावही त्या लेखकाला शोभणारं. फक्त असं पुस्तक नाही. म्हणजे नसावं. कारण 'नाही' हे सिद्ध करणं 'आहे' पेक्षा अवघड, आणि मराठीत तर फारच. 1950 पर्यंतचं असेल तर शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची आहे. एका माणसाने चिकाटीने केलेलं ते काम आजही माझ्या टेबलावर असतं. नंतरचं असेल तर? 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि आणखी दोन ग्रंथालयांना पाठवायची असते. पण गावच्या पतसंस्थेने काढलेला गौरवग्रंथ, शाळेची शताब्दी स्मरणिका, लेखकाने स्वतः छापून लग्नात वाटलेला कवितासंग्रह, यातलं तिथे काय पोचतं? त्यामुळे कॅटलॉगमध्ये नाही म्हणजे जगात नाही असं मला म्हणता येत नाही, आणि एआयच्या थापा नेमक्या त्या फटीत जाऊन बसतात. आम्ही प्रकाशकाला फोन लावला. तिकडच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "हे पुस्तक आम्ही कधी काढलं? काढायला हवं होतं खरं, विषय चांगला आहे."

मी वर्गात एआयला बंदी घालत नाही. बंदी घातली की लपवतात. नियम एकच: सूचीतलं पुस्तक हातात घेतलेलं असलं पाहिजे, नाहीतर ज्याने हातात घेतलं त्याचं नाव द्या. अमक्याने उद्धृत केल्याप्रमाणे, असं लिहायला लाज कसली?

नियतकालिकांच्या याद्यांवर मी फार लिहिणार नाही, त्यावर सगळेच लिहितात. कुठल्या नियतकालिकांतले शोधनिबंध धरायचे, याची यूजीसीची मान्यताप्राप्त यादी आली. 2018 मध्ये 'करंट सायन्स'मधल्या अभ्यासात दिसलं की विद्यापीठांच्या शिफारशीने आत आलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून जास्त निकृष्ट असावीत. मग तिच्या जागी यूजीसीचीच केअर यादी आली, तीही 2025 मध्ये बंद झाली. आता ज्याने त्याने आपल्या अकलेने ठरवायचं. मला ते योग्य वाटतं, पण माझ्याकडे रोज एक तरी प्राध्यापक नवी यादी मागायला येतात. दरम्यान देशभरच्या सरकारी संस्थांना नियतकालिकं एकत्र मिळवून देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेवर तीन वर्षांसाठी 6,000 कोटी मंजूर झाले, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं. विज्ञानाच्या मुलांसाठी सोन्यासारखी गोष्ट, आणि मी ती मनापासून चांगली मानते. पण मराठीच्या संशोधकाला हवा असतो 'नवभारत'चा साठच्या दशकातला अंक, 'महाराष्ट्र साहित्य पत्रिके'तला एखादा लेख. तो कुठल्यातरी वाचनालयाच्या माळ्यावर गठ्ठ्यात आहे, आणि त्या गठ्ठ्यात काय आहे याची सूचीच नसल्याने तो लेख आहे हेही कुणाला माहीत नाही. 1950 पर्यंतच्या नियतकालिकांची सूची दाते, काळे आणि बर्वे यांनी करून ठेवलीय. पुढचं ज्याच्या त्याच्या नशिबावर.

म्हणून यंदा प्रकल्पासाठी मी मुलांना आमच्याच कॉलेजचे जुने वार्षिकांक काढून दिले. सूची करा म्हटलं. लेखक, शीर्षक, विषय, पान. वाळवीने थोडे खाल्लेत, बाकी शाबूत आहेत. दुसऱ्याच आठवड्यात दोघी जणी अडल्या. एका जुन्या अंकात 'कु.' लावून माहेरच्या नावाने एक कविता, आणि नंतरच्या एका अंकात माजी विद्यार्थिनी म्हणून सासरच्या नावाने लेख. मजकुरावरून माणूस एकच वाटत होतं. एक नोंद करायची की दोन? दोन करा, म्हटलं, आणि एकीत दुसरीकडे 'पाहा' द्या. पण आधी माणूस एकच आहे याची खात्री करा. बाई गावातल्याच, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलींनी नंबर मिळवून फोन लावला. बाईंनी आनंदाने गप्पा मारल्या, हो, दोन्ही नावं माझीच म्हणाल्या, आणि वर सांगितलं की ती कविता मात्र माझी नव्हेच, मैत्रिणीने माझ्या नावावर दिली होती, तिच्या वडिलांना कळू नये म्हणून.

मुली धावत माझ्याकडे आल्या. एकीचा प्रश्न होता की फोनवर सांगितलेलं संदर्भात कसं लिहायचं. दुसरीचा प्रश्न होता की बाई म्हणतायत हे खरं कशावरून.

वैयक्तिक संवाद, आजची तारीख घाला, म्हटलं. आणि त्या मैत्रिणीचा नंबर मिळतोय का बघा.